खोट्या उजेडाचं पाणी

केळीच्या शेवटच्या ओळी तहानेल्या राहिल्यात, हे भागाबाईला कोणी सांगावं लागलं नाही. पाणी प्यालेलं केळीचं पान सकाळी कसं ताठ असतं, सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखं. आणि ही मेली पानं दिवस वर यायच्या आत दोन्ही बाजूंनी मिटून, माना टाकून उभी. बाग निसवायला आलेला. झाडाच्या पोटातून घड बाहेर पडायचे हेच दिवस, आणि याच दिवसांत पाणी तुटलं तर झाड घड देत नाही, सूड घेतं.

तिनं बांधावरूनच हाक मारली, "हिलाल! आठे ये रे, राजा."

हिलाल तिचा सालदार. भागाबाई 'राजा' म्हणाली की आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पाय ओढत आला.

"रातभर पाणी भरं ना तू?"

"भरं, अक्का."

"मंग ह्या झाडंसना काय उपास शे? नवरात्र शे म्हनीसन?"

"अक्का, आठपावत पाणी येवाना आधीच फटफटस. ताईबाई येस, दांड फोडस, पाणी तिना बागमा वळावस. उजेड व्हयना म्हंजे पाणी तिनं. मी काय करू?"

"कवयपाईन?"

"घट बसनात तवयपाईन."

घट बसल्यापासूनचे दिवस भागाबाईनं बोटांवर मोजले आणि ती गप्प झाली. ती ओरडायची तेव्हा गाव तिला भीत नसे. गप्प झाली की भीत असे.

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव. विहीर एक आणि वारस दोन. थोरला, म्हणजे भागाबाईचा नवरा, देवाघरी गेलेला. धाकटा मोतीलाल हयात होता, पण त्याचं असणं कळायचं ते त्याच्या खोकल्यावरून. त्याच्या घरात बोलायची ती त्याची बायको, ताईबाई. वाटणीत सासूचं पितळी घंगाळ कोणाकडे जावं यावरून या दोघी जावांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. मधे फक्त एक भिंत होती. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीला तर दोन्हीकडून तोंडं होती.

त्या साली सरकारनं शेतीची लाईन रात्रीची केली. रात्री जेवणं झाल्यावर मोटार चालू व्हायची, ती सकाळी ऊन चढेपर्यंत. पाणी वाटायचं कसं? गिरधरनाना गावातले वडीलधारे. ते म्हणाले, मोतीलालकडे घड्याळ आहे, त्यावर वाटून घ्या. भागाबाईनं तिथल्या तिथं सांगितलं, "त्यानं घड्याळ त्यानाच सारखं. बायको चावी देई तसं चालस." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईबाईच्याही आलं, पण हसून नाही. शेवटी ठरलं की घड्याळ नको, आभाळ पाहायचं. आभाळ कोणाचा दीर नाही की जाऊ नाही. पूर्वेला उजेड फुटेपर्यंत पाणी भागाबाईचं, उजेड फुटला की ताईबाईचं. भागाबाईनं मान डोलावली होती. शेतात कितीही अंधार असला तरी देवाचा उजेड कोणी चोरू शकत नाही, असा तिचा हिशेब.

आणि आता ही बया तो चोरायला लागली होती.

कारण भागाबाई स्वतः रोज अंधारात उठायची. सडा टाकताना ती घराबाहेर येई तेव्हा कुठंही उजेडाचा पत्ता नसे. दारासमोर खांबावरचा पिवळा दिवा, पलीकडे कडुनिंब, वर काळं आभाळ. आणि त्याच वेळी हिलालच्या म्हणण्याप्रमाणे शेतात पाणी तोडलेलं असे. मग फटफटलं कुठून? ताईबाईच्या कपाळातून?

त्या संध्याकाळी तिनं आपल्या शेळीला भिंतीजवळ बांधलं आणि तिला फैलावर घेतलं. "लोकसना वावरमा तोंड घालस ना, रांडे? अंधारामा खास आनि उजेडामा सतीपना दाखाडस!"

पलीकडून ताईबाईचं कुत्रं ओरडा खाऊ लागलं. "भुंक, भुंक! स्वतःना सालदार झोपी ऱ्हास आनि भुंकस दुसरावर! चावाले दात नही शेत म्हनीसन भुंकस!"

शेळी आणि कुत्रं, दोघंही बिचारी खाली मान घालून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर भगर दळायला बायकांची रांग होती. ताईबाई दळण डोक्यावर घेऊन निघतच होती. भागाबाईनं गिरणीचा पट्टा थांबायची वाट पाहिली, म्हणजे प्रत्येक शब्द प्रत्येकीला ऐकू जावा. मग म्हणाली, "बाई वं, नवरात्रमा उपास करतस आनि पाणी चोरीसन पितस. देवीले बी आते काय काय देखनं पडस!"

रांग गार पडली. ताईबाईनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला. "कोन चोर? नाव ल्या."

"चोरले नाव लागत नही. चोरले चोर म्हनतस."

"मी उजेड देखीसनच दांड फोडस. कानबाईनी आन!"

कानबाई ही खानदेशाची देवी; तिची आण म्हणजे साधी गोष्ट नाही. दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावले. गोष्ट त्याच दुपारी गिरधरनानांच्या कानावर गेली आणि संध्याकाळी त्यांनी मारुतीच्या पारावर निकाल दिला. "दसराना दिन सकाळले बसू. भागाबाई, तू स्वतः वावरमा जाय, स्वतः देख. अंधारामा पाणी तुटस असं तू पारवर उभी राहीसन सांगं, तं सकाळनी पाळी बी तुनी. मोतीलालना बाग मंग रामभरोसे." मोतीलाल खोकला. ताईबाईचा चेहरा राखेसारखा झाला; तिचा बागही निसवायलाच आला होता, आणि सकाळचं पाणी गेलं की बाग गेला, हे पोरासोरांनाही कळत होतं.

भागाबाईच्या मनात मात्र लाडू फुटत होते. सगळी विहीर आपली. आणि ते घंगाळ घेऊन बसलेली जाऊ कोरड्या बागेत.

नवमी संपून दसऱ्याची पहाट यायची होती. भागाबाई घोंगडी पांघरून, काठी घेऊन शेतात गेली आणि मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर बसली. हिलालला दूरच्या टोकाला पाठवलं. चंद्र केव्हाच मावळलेला. चांदण्या अशा दाट की कोणी तीळ सांडलेत असं वाटावं. पूर्वेला ना झाड ना घर, नुसतं मोकळं आभाळ. तिनं मनातल्या मनात उद्याची वाक्यं जुळवली. त्यातली काही इतकी चांगली जमली की ती एकटीच हसली.

आणि मग पूर्वेला उजेड आला.

जमिनीपासून वर चढलेला, पांढुरका. खाली रुंद, वर निमुळता, सरळ उभा. खळ्यावर वारा नसताना भुश्याचा ढीग उभा राहावा तसा. दुधात पाणी घालून घालून जो रंग उरतो तो त्याचा रंग. भागाबाई उठली. तोंड धुतलं, पूर्वेला वळली, हात जोडून रोजचं म्हणते ते म्हणाली आणि सवयीनं दोन थेंब पाणी सूर्याच्या नावानं सोडलं. पाणी जमिनीवर पडलं त्याच वेळी बांधावर पावलं वाजली. फावडं खांद्यावर घेऊन ताईबाई आली. तिनंही पूर्वेला पाहिलं, हात जोडले आणि दांड फोडला. पाणी खळखळत तिच्या बागेकडे वळलं.

भागाबाईच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच अडकली. कारण आत्ताच, याच उजेडाला, तिनं स्वतः नमस्कार केला होता.

ताईबाईला ती दिसली. कितीतरी वर्षांनी मधे ना शेळी होती, ना कुत्रं, ना गिरणीवरची रांग.

"उजाडनं शे," ताईबाई म्हणाली. "देखी ल्या डोया भरीसन."

"देखी ऱ्हायनी."

भागाबाई परत ओट्यावर बसली. ताईबाई फावड्यावर रेलून उभी राहिली. दोघी पूर्वेकडे तोंड करून, एकमेकींकडे न बघता. आता लाली येईल, मग दिवस येईल. लाली येईना. उजेड तसाच, ना वाढला ना पसरला. तळहात डोळ्यासमोर धरला तरी रेषा दिसेनात. ज्या भारद्वाजाच्या हुंकारानं भागाबाईची रोजची सकाळ होते तो गप्प. कोंबडे गप्प. गाव गप्प. नुसती मोटार घरघरत होती आणि भागाबाईचं पाणी ताईबाईच्या केळी पीत होत्या.

"तुना दिवस लंगडा शे का वं?" भागाबाई म्हणाली. "यायी ऱ्हायना, यायी ऱ्हायना, पन पोहचत नही."



मग पुष्कळ वेळानं खाली, अगदी जमिनीला चिकटून, आडवी एक राखाडी रेघ उमटली. ती डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत पसरली. तिला आधी पांढरं, मग गुलाबी, मग केशरी चढलं. भारद्वाज हुंकारला, गावातला पहिला कोंबडा आरवला, आणि तो उभा पांढरा खांब त्या उजेडात विरून गेला. जणू तो नव्हताच. केळीच्या पानांना हिरवा रंग आला.

ताईबाईनं फावडं बाजूला ठेवलं. ती बांधावर बसली. "माय वं," ती म्हणाली. "ह्या बठ्ठा दिन मी तुनंच पाणी लियं."

"लियं."

"मी दांड फोडीसन घर चालनी जाऊ. माले काय माहीत, वर बी खोटं दाखाडतस."

"आते माहीत पडनं ना?"

ताईबाईनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती. "जाय, सांग पारवर. अंधारामा दांड फोडा असं सांग. खरंच शे. पन मी तुना पाय धरनार नही."

"धुयेल नही शेत पाय. धरशी तं चिखोल लागी," भागाबाई म्हणाली आणि घोंगडी झटकून निघाली.

घरी सून चुलीशी होती. कुंदाबाई. बारावी सायन्स केलेली, नवरा दीपनगरला वीज केंद्रात फिटर, तिथंच क्वार्टर. नवरात्रासाठी आली होती. भागाबाईला तिची एकच गोष्ट आवडायची नाही, ती म्हणजे ती सगळ्याला उत्तर देई. आज मात्र भागाबाईनं स्वतः विचारलं, अर्थात विचारल्यासारखं न विचारता. "शिकेल बाई, सांग, दिवस उगायच्या आधी आभाळमा पांढरा खांब उभा ऱ्हास तो कसाना?"

कुंदाबाई भाकरी थापता थापता थांबली. "तुम्ही पाहिलात? आई, तो उजेड सूर्याचाच. पण उजाडायचा नाही."

"कोडं नको घालू. नीट सांग."

कुंदाबाईनं वर बोट केलं. घर धाब्याचं, छपराला धूर जायला भोक ठेवलेलं. त्यातून उन्हाचा एक तिरका खांब आत आला होता आणि चुलीचा धूर त्यात गिरक्या घेत होता. "हा खांब तुम्हाला दिसतो कशामुळे? उन्हामुळे?"

"मंग काय सुनमुळे?"

"धुरामुळे. धूर नसता, धूळ नसती, तर ऊन खाली जमिनीवर दिसलं असतं, मधे काही दिसलं नसतं. तसंच आहे ते. आपली पृथ्वी, मंगळ, गुरू हे सूर्याभोवती फिरतात ते जवळपास एकाच पातळीत. खळ्यात मळणीचे बैल खुंट्याभोवती फिरतात ना, तसे. त्या सगळ्या खळ्यात फार बारीक धूळ आहे. शेपटीवाले तारे येतात-जातात, दगड दगडावर आपटतात, त्यांची. सूर्य आपल्याला अजून खाली असतो, पण त्याचं ऊन तिकडे दूर त्या धुळीवर पडतं आणि ती उजळते. आश्विनात पहाटे ते खळं आपल्याला उभं दिसतं, म्हणून तो खांब."

"आनि खरं उजाडस ते?"

"ते ऊन आपल्याच वरच्या हवेवर पडतं. म्हणून ते खालून आडवं पसरतं आणि रंग धरतं. हा उजेड रंग धरत नाही."

"पितृपक्षमा दिसना नही. घट बसनात तवयपाईन दिसना."

"पितृपक्षात पहाटे चंद्र असतो. त्याच्यापुढे हा कुठला टिकतोय? आणि आपल्या दारातून तर कधीच दिसणार नाही. खांबावरचा दिवा आहे ना."

भागाबाईनं उन्हाच्या खांबाकडे बघितलं. धूळ वर जात होती, खाली येत होती. हे तिला कळलं. कळलं हेच तिला आवडलं नाही. "म्हंजे आभाळमा बी केरच," ती म्हणाली. "तठे बी सून झाडू मारत नही."

"तिथल्या सासूला बोलायचं राहिलं असेल," कुंदाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

भागाबाईनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. "लोक म्हनतीन, उगवतीले दीपनगर शे, त्याना दिवासना उजेड शे."

"म्हणू द्या. मी तो दीपनगरच्या गच्चीवरून पाहिलाय. कॉलनीचीच लाईन गेली होती त्या पहाटे. आमचा उजेड असता तर आमच्या डोक्यावर असता. तिथूनही तो पूर्वेलाच उभा होता, तसाच दूर."

भागाबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसली. सगळी विहीर. तोंडातून फक्त एक वाक्य काढायचं होतं, आणि तेही खोटं नव्हतं: अंधारात पाणी तोडलं. पुढं एक शब्द बोलायचं नाही. पण न बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. आणि दुसरी एक गोष्ट काट्यासारखी सलत होती. ताईबाई चोर ठरली, तर त्याच उजेडाला पाणी सोडणारी भागाबाई कोण ठरते?

पारावर सगळा गाव. गिरधरनाना मधे, शेजारी भाईदास, जो मॅट्रिक झाला होता आणि ते कोणाला विसरू देत नसे. मोतीलाल एका बाजूला खोकत. ताईबाई खांबाला टेकून, पदर घट्ट.

"बोल, भागाबाई," नाना म्हणाले. "उजेड फुटाना आधी पाणी तुटनं का नही?"

"तुटनं. मी मना डोयाघाई देखं."

गाव गुणगुणला. ताईबाईनं डोळे मिटले.

"म्हंजे चोरी," भाईदास म्हणाला.

"तुले कोनी इचारं?" भागाबाई त्याच्यावर फिरली. "चोरी कराले अक्कल लागस. मना दीरना घरमा ती कोठे शे? ही बाई चोर नही, बावळी शे. दिवस आनि दिवसनी सावली हिले कयत नही. आभाळमा धूळ चमकनी, हिले वाटनं उजाडनं. अशी बाई चोर? चोरसनी इज्जत काढू नका!"

पार हसला. ताईबाईनं डोळे उघडले. त्यांत आग होती. बावळी म्हणवून घेण्यापेक्षा चोर बरं, असं तिला वाटलं असावं.

"कसानी धूळ?" भाईदास म्हणाला. "अक्का, तू शाळामा कितला दिन गयी?"

"तू गया ना? मंग तू सांग तो उजेड कसाना."

भाईदासनं घसा साफ केला. "दीपनगरना."

"ऐका! दीपनगरमा मनी सून ऱ्हास. तठून देखं तरी तो उगवतीलेच उभा. दिवा तुना घरमा आनि उजेड शेजारना घरमा, असं कवय देखं का रे?" आणि मग तिनं धाब्याचं भोक, खळं, बैल, धूळ सगळं सांगितलं, कुठेही कुंदाबाईचं नाव न घेता, जणू ही धूळ तिनं स्वतः सुपातून पाखडली होती. लोकांना पटलं असं नाही. एक म्हातारा म्हणाला, बाईला उपास चढलाय.

"चढना व्हई. पन सकाळले या वावरमा. अंथरूनमाथून उठाशात तं."

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना घोंगडी पांघरून शेतात आले. भाईदासही आला, झोपेनं डोळे सुजलेले; ताईबाई आपल्या बांधावर फावडं ठेवून उभी. खांब उभा राहिला तसे नाना उठले, "उजाडनं, चला," म्हणत बिडी शिलगावली. ती बिडी संपली, त्यावर आणखी एक संपली, तरी उजाडेना, तेव्हा ते खाली बसले आणि भाईदासकडे बघून म्हणाले, "तुनं मॅट्रिक पाण्यामा गयं."

निकाल तिथंच बांधावर झाला. पाळी जशी होती तशीच. फक्त उजेड पाहून नाही, तळहाताच्या रेषा दिसल्या की पाणी बदलायचं. रेषा धुळीनं उजळत नाहीत.

नाना गेले. भागाबाईला वाटलं, आता ताईबाई काहीतरी बोलेल. उपकार, माफी, असलं काहीतरी, आणि ते कसं झिडकारायचं हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. ताईबाईनं तळहात डोळ्यांपुढे धरला. रेषा दिसत होत्या. पाणी तिचं झालं होतं. तिनं फावडं उचललं, पण दांड फोडलाच नाही. पाणी भागाबाईच्या शेवटच्या ओळींकडे तसंच चाललं.

"दांड फोड ना वं," भागाबाई ओरडली. "रेषा दिसी ऱ्हायन्यात."

"माले बी दिसतस. जितलं लियं तितलं फेडसू. बावळी शे, पन भिकारी नही."

"माले तुनं पाणी नको!"

"मंग नको पिऊ. तुन्या केळी पीतीन."

"हिलाल! दांड फोड, पाणी तिकडे वळव!"

"हिलाल, हात लावशी तं देख!"

हिलाल दोन्ही बागांच्या मधे फावडं घेऊन उभा. सूर्य वर आला, लख्ख, खरा. पाणी ओळीमागून ओळ भिजवत पुढं गेलं, मिटलेल्या पानांच्या बुडाशी साचलं. आणि दोन बांधांवरून दोन बायका एकमेकींना नावानिशी, सासू-सासऱ्यांसकट, मोठ्यानं आणि थेट शिव्या देत राहिल्या, लाईन जाऊन मोटार बंद पडेपर्यंत.